कंपनी आणि संस्था मिळून वस्तीतल्या मुलांना नोकरीला लावणार. करारात काय मागावं? (बडोदा)

विश्वामित्रीकाठ (रविवार, रात्री ९.१०)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो, कारण गुरुवारी बैठक आहे आणि त्याआधी मला खरोखर सल्ला हवा आहे.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात वाढलेला. कारखान्याच्या देखभाल विभागात तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालो. आमच्या मंडळाच्या खोलीत आम्ही चार-पाच जण संध्याकाळी मुलांना शिकवतो. दहावी-बारावी झालेली, आयटीआय केलेली, शाळा मध्येच सुटलेली, सगळी येतात. थोडी मराठी घरांतली, बाकीची गुजराती नाहीतर हिंदी बोलणारी. गेल्या महिन्यात एका मोठ्या कंपनीची माणसं येऊन गेली. सीएसआरमधून, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर खर्चायच्या पैशांतून, त्यांना आमच्याबरोबर काम करायचं आहे. कंपनीतले कर्मचारी चाळीस मुलांचे मार्गदर्शक होणार, सहा महिने दर पंधरा दिवसांनी भेटणार, बायोडेटा, मुलाखत, संगणक शिकवणार, आणि शेवटी नोकरी. पैसे त्यांचे, मुलं आणि खोली आमची.

मंडळात सगळे खूश आहेत. मला मात्र एक मुलगा आठवतो आणि झोप लागत नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी अशाच एका उपक्रमात मार्गदर्शक होतो. माझ्या वाट्याला आलेला मुलगा एकोणीस वर्षांचा, फिटर ट्रेड केलेला. वडील भाजीची लारी लावायचे, आई चार घरची कामं करायची. हात फार चांगला होता त्याचा. बेअरिंग कसं बसवायचं हे एकदा दाखवलं की दुसऱ्यांदा सांगावं लागायचं नाही. बोलायला मात्र बुजायचा. पाच महिने दर दुसऱ्या शनिवारी आम्ही भेटलो. ३१ मार्चला समारंभ झाला, प्रमाणपत्रं वाटली, फोटो निघाले. चार एप्रिलला तो शहराबाहेरच्या एका कारखान्यात रुजू झाला. मी त्याला म्हणालो होतो, काही लागलं तर केव्हाही फोन कर.

पहिला पगार सात मेला होणार होता. तोवर बस आणि शेअर रिक्षाचे रोजचे सत्तर रुपये कुठून आणायचे, हे आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. त्याने शेजाऱ्याकडून व्याजाने घेतले. तिसऱ्या आठवड्यात बस चुकली, पोचायला उशीर झाला, सुपरवायझर सगळ्यांदेखत बोलला. दुसऱ्या दिवशी लाजेने तो गेलाच नाही. तिसऱ्या दिवशी तर जायचं तोंडच उरलं नव्हतं.

जूनमध्ये मंगळ बाजारात तो एका कापडाच्या दुकानात दिसला. मला पाहून त्याने मान फिरवली. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "काका, मी फोन केला होता. तीनदा केला."

तो नंबर उपक्रमाने आम्हाला दिलेल्या सिमचा होता. ३१ मार्चला आम्ही सगळ्यांनी ती सिम परत जमा केली होती.

म्हणून विचारतोय. या वेळी करारात काय लिहून घ्यावं?

मकरपुरा_लेथ (रविवार, रात्री ९.५५)

काका, वाचून पोटात कालवलं. माझं मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) छोटं वर्कशॉप आहे, चौदा माणसं. मालकाच्या बाजूने बोलतो, राग मानू नका.

मोठी कंपनी मुलांना शिकवते, पण स्वतः किती जणांना घेते? दोघा-तिघांना. बाकीची आमच्यासारख्यांकडे येतात. त्यांना ईमेल लिहिता येतो, इंग्रजीत स्वतःची ओळख करून देता येते, आणि व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) वाचता येत नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे कळलं नाही तरी "हो साहेब" म्हणतात. मागच्या वर्षी एका मुलाने असंच हो म्हणून फीड चुकीचा लावला, टूल तुटलं, जॉब भंगारात गेला. ओरडलो मी. नंतर लक्षात आलं की विचारलं तर हाकलतील अशी त्याला भीती होती. घरी आणि शाळेत प्रश्न विचारल्यावर मारच खाल्ला असेल तर तो माझ्याकडे येऊन एकदम कसा विचारेल?

तेव्हा पहिली गोष्ट मागा ती ही, की मार्गदर्शक शॉप फ्लोअरवरचे हवेत. चार्जमन, जुना ऑपरेटर, स्टोअरकीपर, कॅन्टीन सांभाळणारी बाई. ऑफिसातले साहेब हवेत तर तेही येऊ देत, पण एकटे नकोत. "साहेब, समजलं नाही, परत दाखवा" हे वाक्य मुलाला न घाबरता बोलता यावं, एवढं सहा महिन्यांत झालं तरी माझ्यासारखे दहा मालक मुलं घ्यायला उभे राहतील.

आणि तुमच्या त्या मुलाबद्दल. दोन दिवस न सांगता गैरहजर राहिला तर मीही नाव कापलं असतं. कारण मला फोन करायला कुणी नव्हतं. मालकाकडेही एक नंबर असू द्या.

जमाखर्च (रविवार, रात्री ११.२०)

मी सीए आहे, काही कंपन्यांचं सीएसआरचं काम बघतो. "मार्च संपला, प्रकल्प बंद" हे कारण बैठकीत कुणी सांगू लागलं तर काकांनी ते मान्य करू नये, म्हणून कायद्याचं थोडं सांगतो.

कंपनी कायदा २०१३, कलम १३५. १ एप्रिल २०१४ पासून लागू. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची. कंपनी जिथे आहे त्या परिसराला प्राधान्य द्यावं, हेही त्याच कलमात आहे. रोजगारासाठी कौशल्य देणं अनुसूची ७ मध्ये, म्हणजे मान्य कामांच्या यादीत, बसतं.

आता मार्चचं. कंपनीने काम सुरुवातीलाच "चालू प्रकल्प" म्हणून मंजूर केलं, तर ते सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालू शकतं. मार्चअखेर न खर्चलेली रक्कम तीस दिवसांत वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि तीन वर्षांत त्याच कामावर वापरायची. २०२१ पासून ही व्यवस्था स्पष्ट झालेली आहे. म्हणजे ३१ मार्चला सिम जमा करायला कायद्याने कुणीही सांगितलेलं नव्हतं. ती त्या लोकांची सोय होती.

दुसरं, ५ टक्क्यांची मर्यादा. ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाच्या खर्चाला आहे. मुलांच्या मागे फिरणारा, मालकांशी बोलणारा, घरी जाऊन येणारा जो पूर्णवेळ माणूस लागेल, त्याचा पगार हा थेट प्रकल्पाचा खर्च. तो अंदाजपत्रकात ठसठशीत लिहा. हा माणूस फुकटात मिळेल असं धरून चाललेले उपक्रमच आधी बसतात, हे मी हिशेबांच्या वह्यांत पाहिलं आहे.

कर्मचाऱ्यांनी दिलेल्या वेळाची किंमत लावून ती सीएसआर खर्चात धरता येत नाही, हे कंपनी मंत्रालयाने २०२१ च्या खुलाशात सांगितलं आहे. तेव्हा "आमच्या माणसांचे इतके तास म्हणजे इतके लाख" असा आकडा समोर आला तर तो बाजूला ठेवायला सांगा.

तुमच्या मंडळाची सीएसआर-१ नोंदणी आहे ना? सीएसआरचे पैसे घ्यायला संस्थेला ती लागते. १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या आणि तीन वर्षांचं काम हे सगळं लागेल. नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत करा, पण मुलांशी कोण बोलणार हे तुमच्याकडेच ठेवा.

खडकवासला (सोमवार, सकाळी ७.३०)

मी पुण्यात तरुणांच्या मार्गदर्शनाच्याच कामात आहे. काकांना जे आतून जाणवलं, त्यावर संशोधनही झालेलं आहे.

अमेरिकेत मोठा भाऊ-मोठी बहीण या कल्पनेवर १९०४ पासून चालत आलेलं मार्गदर्शनाचं काम आहे. तिथल्या जोड्यांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांची सोबत वर्षभर किंवा जास्त टिकली त्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. ज्यांची तीन महिन्यांच्या आत तुटली, त्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास आधी होता त्याहूनही खाली गेला. ज्या मुलाला आधीच दोन-चार मोठ्या माणसांनी सोडलेलं असतं, त्याच्या हिशेबात मार्गदर्शक हा सोडून जाणारा आणखी एक माणूस ठरतो.

आमच्याकडे म्हणून एक पद्धत आहे. मार्गदर्शक होऊ इच्छिणाऱ्याला आधी स्पष्ट विचारतो: पुढच्या बारा महिन्यांत बदली आहे का, लग्न, बाळंतपण, परीक्षा, परदेश? असेल तर या वर्षी थांबा, दुसरं काम देतो. लोक नाराज होतात. होऊ देत. आणि एखाद्याला मध्येच जावं लागलंच तर तो मुलाला समोर बसवून सांगतो, नव्या माणसाची गाठ घालून देतो, आणि मगच जातो.

चाळीस मुलांऐवजी पंधरा घ्या, काका. कंपनीला चाळीसचा आकडा आवडेल. तुम्ही पंधरावर अडून बसा.

शाळाबाई (सोमवार, दुपारी ३.०५)

मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवत होते. वरचं सगळं पटलं, पण एक बाजू राहिली आणि ती आपल्या बडोद्याच्या माणसांनी विसरू नये.

या गावाला मुलांना हुन्नर शिकवण्याचा मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांनी ते उभं केलं. अमरेलीत १८९३ मध्ये सक्तीचं शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात नेलं. याच महाराजांनी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला पाठवलं. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. शिकून आल्यावर संस्थानात नोकरी करायची असा करार होता, आणि १९१७ मध्ये ते त्याप्रमाणे इथे रुजू झाले.

पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. कचेरीतले शिपाई विटाळ होऊ नये म्हणून त्यांच्या टेबलावर फायली लांबून फेकत. गावात राहायला कुणी जागा देईना. पारशी धर्मशाळेत राहिले, तर काठ्या घेऊन आलेल्या माणसांनी तिथूनही निघायला लावलं. कमाटीबागेत झाडाखाली बसून राहिले आणि मग मुंबईला निघून गेले. ती जागा आज संकल्प भूमी म्हणून ओळखली जाते.

पैसे मिळाले होते, जगातली उत्तम पदवी मिळाली होती, पद मिळालं होतं. त्या कचेरीतल्या माणसांना तयार करायचं तेवढं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

माझ्या एका विद्यार्थिनीला कामाच्या पहिल्याच दिवशी आधी आडनाव विचारलं, मग राहते कुठे ते विचारलं. दुपारी डबा खायला ती एकटीच होती. पंधरा दिवसांत सोडून आली आणि मला म्हणाली, बाई, काम जमत होतं. आपण त्या मुलीला सहा महिने शिकवलं. ज्या टेबलाशी ती बसणार होती तिथल्या आठ जणींशी सहा मिनिटंही बोललो नाही.

गुरुवारी कंपनीला विचारा: आमच्या मुलांना तुम्ही तयार करणार, तुमच्या माणसांना कोण तयार करणार?

सावली_जनरल_शिफ्ट (सोमवार, रात्री १०.१५)

बडोद्याजवळच्या सावली गावाकडच्या एका कारखान्यात एचआरमध्ये आहे. शाळाबाई, तुमचा प्रश्न मी दुपारपासून डोक्यात घेऊन फिरते आहे असं म्हटलं तरी चालेल, कारण आमच्याकडेही जेवणाच्या वेळी असंच होतं आणि मी ते पाहिलं आहे.

कंपनीच्या आतली एक अडचण सांगते. मार्गदर्शक व्हायला पहिल्या दिवशी साठ हात वर होतात. तिसऱ्या महिन्यात ऑडिट येतं, बंद पडलेली लाइन सुरू करायची असते, आणि शनिवारची भेट पहिल्यांदा रद्द होते. माणसं वाईट नसतात. त्यांच्या साहेबाने त्यांना तो वेळ दिलेला नसतो. म्हणून करारावर सीएसआरवाल्यांबरोबर कारखान्याच्या प्रमुखाची सही घ्या, आणि महिन्यातले चार तास ड्युटीतले धरले जातील असं लिहून घ्या.

तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला शिकाऊ कायदा १९६१ प्रमाणे अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्या जागा दरवर्षी भरायच्याच असतात. त्यातल्या काही या पंधरा मुलांसाठी मागा. कंपनीला ते वेगळं ओझं नाही.

लेस्टरचा_बडोदेकर (मंगळवार, पहाटे २.४०)

रावपुऱ्यात लहानाचा मोठा झालो, आता इंग्लंडमध्ये असतो. इथे आताचे राजे चार्ल्स यांनी नौदल सोडताना मिळालेल्या ७,४०० पौंडांतून १९७६ मध्ये सुरू केलेला ट्रस्ट हेच काम करतो. आता त्याला किंग्ज ट्रस्ट म्हणतात, आणि कंपन्या त्याच्याबरोबर भागीदारीत असतात. मी एवढंच सांगतो की इथे अल्पवयीन मुलांबरोबर असं काम करायचं तर आधी पूर्वेतिहासाची तपासणी होते. नाव कितीही मोठं असो. तुमच्या मुलांत अठराखालची असतील तर मार्गदर्शकांची पोलीस पडताळणी करा, भेटी मंडळाच्या खोलीतच, दार उघडं ठेवून. आणि तक्रार आली तर कुणाकडे जायचं ते नाव भिंतीवर लावा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पोक्सो कायदा २०१२ चा आहे, कंपनीच्या माणसांना तो नीट समजावून सांगा.

पहिला_पगार (मंगळवार, रात्री ८.५०)

मी इथे फक्त वाचते. आज पहिल्यांदा लिहितेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी अशाच एका उपक्रमातून कामाला लागले. २०२३ मध्ये, पॅकिंगला होते, आता क्वालिटीत आहे. आम्ही सहा मुली एकदम लागलो. टिकलो दोघी. आम्हा दोघींच्याच मार्गदर्शक ताई नंतरही येत होत्या, म्हणून मला वाटतं लिहायला हवं.

मला चौदा हजार सांगितले होते. हातात बारा हजार आले. मला वाटलं फसवलं. आई म्हणाली, सोड. ताईंनी पगाराची पावती घेऊन मला बसवलं आणि एकेक ओळ वाचायला लावली. पीएफ १,६८०. ईएसआय (कामगार विमा) १०५. व्यवसाय कर २००. उरले १२,०१५. पीएफचे पैसे माझेच आहेत, कंपनीही तेवढेच घालते, आणि ईएसआयच्या कार्डावर आईला दवाखाना मिळतो हे मला तेव्हा कळलं. आईचा गुडघा त्याच कार्डावर दाखवला. त्यानंतर आईने सोड म्हटलं नाही. ही पावती नोकरी लागायच्या आधी कुणी दाखवली असती तर तो महिना मी रडत काढला नसता.

आधारवर माझं नाव एक, दहावीच्या निकालावर एक. त्यामुळे पीएफचं खातं अडलं होतं. ताई दोनदा माझ्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या पाळीची वेळ आली तेव्हा बाबा नको म्हणाले. ताई घरी आल्या, चहा घेतला, बाबांना बसचा नंबर दिला, ड्रायव्हरचा फोन दिला, आणि पहिले तीन दिवस रात्री साडेअकराला स्वतः स्टॉपवर आल्या. चौथ्या दिवसापासून बाबा यायला लागले.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी घरात आलं. पत्र्याच्या पेटीतले सगळे कागद लगदा झाले. तेव्हा उपक्रम संपून सव्वा वर्ष झालं होतं. मी ताईंना फोन केला. त्यांनी उचलला. बोर्डाकडून निकालपत्राची दुसरी प्रत काढायचा अर्ज त्यांनीच भरून घेतला. त्या कागदांवरच मला क्वालिटीतली जागा मिळाली.

बायोडेटा कसा लिहायचा ते आम्हाला शिकवलं होतं, पण माझा बायोडेटा आजपर्यंत कुणी मागितलेला नाही.

काका, तो मुलगा अजून त्या दुकानात आहे का?

मकरपुरा_लेथ (मंगळवार, रात्री ९.०५)

हाच प्रश्न माझा. बेअरिंग एकदा दाखवल्यावर बसवणारा मुलगा मला हवा आहे. रोजचं भाडं पहिल्या पगारापर्यंत मी आगाऊ देईन. काका, त्याला विचारा.

विश्वामित्रीकाठ (बुधवार, संध्याकाळी ६.३०)

सगळ्यांचं वाचलं, दोनदा. बेटा, तू लिहिलंस म्हणून तर मला उद्या काय बोलायचं ते नक्की कळलं.

आज सकाळी मंगळ बाजारात जाऊन आलो. तो आहे तिथेच. मी आधी त्याची माफी मागितली. तो काही बोलला नाही, पण या वेळी मान फिरवली नाही. मकरपुऱ्याचं सांगितलं. म्हणाला, दुकानाच्या शेठना महिना भरायचं वचन दिलंय, त्यानंतर येऊन बघतो. वचन पाळणारा मुलगा आहे. लेथवाले भाऊ, तुमचा नंबर मला वेगळा कळवा, मी माझा स्वतःचा तुम्हालाही देतो आणि त्यालाही.

उद्याचं असं ठरवलं आहे. पंधराच मुलं. सहा महिने शिकवणं आणि नोकरी लागल्यावर पुढे बारा महिने सोबत, म्हणून पहिल्याच ठरावात "चालू प्रकल्प" असे शब्द हवेत. पाठपुराव्याच्या माणसाचा पगार अंदाजपत्रकात. पहिल्या पगारापर्यंतचं बसभाडं आणि सेफ्टी शूज उपक्रमातून. मार्गदर्शकांत निम्मे तरी शॉप फ्लोअरचे, आणि कारखानाप्रमुखाची सही. ज्या विभागात मूल जाणार तिथल्या माणसांची बैठक मूल रुजू होण्याआधी, आणि तिथे शाळाबाई बोलणार. बाई, तुम्हाला न विचारता नाव घातलं आहे, नाही म्हणू नका. सीएसआर-१ आमच्याकडे नाही, ते जमाखर्च यांच्याशी बोलून मार्गी लावतो.

चाळीसवर ते अडले तर मी उठून येईन की नाही, हे अजून ठरत नाही. मंडळातले काही जण म्हणतात, पंचवीस मुलांची संधी घालवायचा तुम्हाला काय अधिकार. त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही.

पहिला_पगार (बुधवार, संध्याकाळी ७.१५)

काका, गुरुवारी माझी सुट्टी असते. मी आले तर चालेल का? पहिली पगारपावती अजून जपून ठेवली आहे, घेऊन येते. पुरात ती भिजली नाही, कारण ती माझ्या पर्समध्ये होती.

विश्वामित्रीकाठ (बुधवार, संध्याकाळी ७.२०)

ये. साडेदहाला न्यायमंदिरासमोर उभा असतो. तुझ्या ताईंनाही विचार.

शाळाबाई (बुधवार, रात्री ८.००)

मी येते. नाव राहू दे.